शेवयांच्या यंत्राने पाहिलेली इटली

मित्रांनो, मी एक जुने शेवयांचे यंत्र आहे, आणि खरे सांगायचे तर मी अजून धक्क्यातून सावरलेले नाही. लोखंडाला कसला आलाय धक्का, असे तुम्ही म्हणाल. पण गेल्या मे महिन्यात मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमध्ये, दुसऱ्या मजल्यावरच्या एका बंद घरात जे घडले, ते पाहून तुम्हीही तोंड उघडे टाकून बसला असता. माझे तोंड तर जन्मापासून उघडेच आहे.

जन्म माझा जालन्याच्या एका भट्टीतला. अंग ओतीव लोखंडाचे, पोटात मळसूत्र, बाजूला लाकडी मुठीचा दांडा आणि खाली बाजेला घट्ट धरून ठेवणारी पकड. तोंडात भिजवलेल्या रव्याचा गोळा घालायचा, दांडा फिरवायचा, की समोरच्या जाळीतून शेवया खाली उतरू लागतात. माझ्याकडे जाड, मध्यम आणि बारीक अशा जाळ्या आहेत. त्यातल्या बारीक जाळीचा मला भारी गर्व होता. भीमाबाई नव्या नवरी म्हणून घरात आल्या त्याच उन्हाळ्यात त्यांच्या सासूने मला बाजारातून घरी आणले, म्हणजे आम्ही दोघी बरोबरच्याच म्हणायच्या.

आमच्या गल्लीत शेवया एकटीने कधी कोणी केल्या नाहीत. आज हिच्या अंगणात, उद्या तिच्या. एकीने दांडा फिरवायचा, दुसरीने गोळे सारायचे, तिसरीने खाली काठीवर शेवया झेलायच्या आणि चौथीने त्या दोरीवर वाळत घालायच्या. वाटेने जाणारी बाईसुद्धा दोन फेरे फिरवल्याशिवाय पुढे जात नसे. चालू यंत्राजवळून रिकाम्या हाताने जायचे नाही, अशी आमच्याकडची रीतच होती. आभार कोणी मानत नसे. दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जाऊन दांडा फिरवला की झाले. माझ्या शेवयांचे कौतुक तर इतके होई, की लग्न ठरलेल्या पोरीच्या घरून मला आधीच निरोप येई.

भीमाबाईंचे यजमान श्रीपतराव वारले, मुलगा लोकेश मुंबईकडे नोकरीला लागला आणि भीमाबाई त्याच्याकडे राहायला आल्या. येताना त्यांनी मला पोत्यात गुंडाळून एसटीने आणले. पण इथे बाज नाही, अंगण नाही आणि दांडा फिरवायला बायका नाहीत. दुकानात शेवयांची पाकिटे मिळतात. माझी रवानगी स्वयंपाकघराच्या दारावरच्या माळ्यावर झाली. शेजाराला एक बंद पडलेला पंखा आणि एक चाक तुटलेली बॅग. तिथून अर्धा हॉल दिसतो, तेवढेच माझे जग झाले. तेल कोणी घातले नाही, त्यामुळे सांधे धरले. वाईट वाटायचे, नाही असे नाही.

घरात चौघे. भीमाबाई, लोकेश, त्याची बायको संघप्रिया आणि त्यांची सातवीतली मुलगी पायल. संघप्रिया शाळेत भूगोल शिकवते. सासू-सुनेचे भांडण मी कधी ऐकले नाही, पण गप्पाही ऐकल्या नाहीत. भीमाबाईंच्या तोंडी सुनेचे नाव म्हणून नाही. 'पायलची आई, जरा इकडं या,' एवढेच. त्यात राग नव्हता, गावाकडची सवय होती.

संघप्रियाने वर्षानुवर्षे फळ्यावर इटलीचा तो बुटासारखा नकाशा काढला होता. तो देश एकदा डोळ्यांनी बघायचा, एवढीच तिची हौस. लोकेशने यंदा सहल ठरवली. तिघे जाणार आणि तेवढे दिवस भीमाबाई वरसाव्याला लेकीकडे, मंदाकडे राहणार, असे नक्की झाले.

आता आमच्याकडची एक गंमत सांगते. सिल्व्हर पार्कमध्ये कोणाला काही मिळाले, कोणी कुठे निघाले, की गेटवर फ्लेक्स लागतो. खालच्या मजल्यावरचे बाबुराव सोसायटीचे सेक्रेटरी. मूळचे भाईंदरचे. त्यांच्या वाडवडिलांची मिठागरे होती, त्यामुळे सगळा गाव आपला, असे त्यांचे वागणे. त्यांनी हौसेने भला मोठा फ्लेक्स छापून आणला. 'हिवराळे परिवारास इटली दौऱ्यानिमित्त हार्दिक शुभेच्छा'. त्यावर एक कललेला मनोरा, कोपऱ्यात लोकेशचे कुटुंब आणि सगळ्यांत मोठा फोटो खुद्द बाबुरावांचा. माळ्यावरून मला तो दिसला नाही, पण पायलने वर्णन करून सांगितले तेव्हा हसून हसून तिचे पोट दुखले.

इकडे भीमाबाईंना वेगळाच घोर लागला होता. पोरे परक्या मुलखात निघाली, तिकडे खातील काय? चटणी झाली, दशम्या ठरल्या, तरी त्यांचे समाधान होईना. मग त्यांच्या डोक्यात आले, की शेवया करून द्याव्यात. गरम पाणी मिळाले तरी शिजतात. इटलीला शेवया न्यायच्या, मित्रांनो! त्या देशाबद्दल मला तेव्हा काहीच माहीत नव्हते म्हणून मला त्यात काही वावगे वाटले नाही. उलट इतक्या वर्षांनी आपली आठवण झाली म्हणून मी हरखून गेले.

विमानाच्या आदल्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात कोणी नाही असे पाहून भीमाबाई स्टुलावर चढल्या. त्यांनी मला दोन्ही हातांनी धरले आणि ओढले. मी काही हलकेफुलके नाही. स्टूल डगमगले आणि आम्ही दोघी खाली आलो. मी फरशीवर आदळले, त्या हातावर पडल्या. मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला. तो आवाज आठवला की आजही माझ्या मळसूत्राला कापरे भरते.

लोकेश आणि संघप्रिया त्यांना रिक्षातून दवाखान्यात घेऊन गेले. मंदाही तिकडेच पोहोचली. शेजाऱ्यांना वाटले, आजीबाई लेकीकडे निघाल्या आणि बाकीचे पहाटेच विमानतळावर जातील. दुपारी वॉचमन जेवायला गेला असताना सगळे परत आले, भीमाबाईंचा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. फ्लेक्सखालून आत येतानाच त्या मनाने मोडून पडल्या होत्या. सोफ्यावर बसल्या आणि म्हणाल्या, की आता तुम्ही जा, मी मंदाकडे राहीन. मंदानेही दवाखान्यात तेच सांगितले होते. पण संघप्रिया शांतपणे म्हणाली, की आम्ही जाणार नाही. का, ते सांगितले नाही. लोकेशनेही मान खाली घातली. मी फरशीवर आडवे पडून ऐकत होते. मला धक्काच बसला. वाटले, आता या घरात काही खरे नाही.

भीमाबाईंनी एकच विनवणी केली. 'कुणाला कळू देऊ नका. म्हातारीनं ऐन वक्ताला मोडता घातला, असं सारी बिल्डिंग म्हणंल. आन् हे दिवस सरले की मला गावी नेऊन घाला. कायमची. मी तुमच्या पायात येणार नाही पुन्हा.' गावचे घर बंद होते, तिथे त्यांना करणारे कोणी नव्हते. तरी त्यांनी डाव्या हाताने आपली पातळे पिशवीत भरली आणि पिशवी दाराशी ठेवली. लोकेशने समजावले, पायल रडली, पण त्या हटल्या नाहीत.

अशा रीतीने एक अख्खे कुटुंब इटलीला गेले आणि घरातच राहिले. पडदे ओढलेले, टीव्ही मुका, बोलणे कुजबुजीत. बाहेरून काही मागवायची सोय नव्हती, कारण वॉचमन प्रत्येकाला फ्लॅट नंबर विचारतो. डब्यात होते तेवढ्यावर भागवायचे. मला वाटले, हे सगळे एकमेकांकडे पाठ करून दिवस काढतील.

पण दुसऱ्याच सकाळी संघप्रियाने हॉलमध्ये उभे राहून जाहीर केले, की आज रोम. मी म्हटले, हिला धक्क्याने काहीतरी झाले. पायल पलंगावरची चादर अंगाला गुंडाळून आली आणि लोकेशने खुर्च्या गोल मांडून प्राचीन क्रीडांगण केले. संघप्रिया वर्गात शिकवावे तसे समजावून सांगत होती आणि मध्येच स्वतःच हसत होती. दुपारी सगळे सतरंजीवर उताणे झोपले. तिकडे एका मोठ्या प्रार्थनाघराच्या छतावर चित्रे आहेत म्हणे, ती पायलने मोबाइलपुढे भिंग धरून आमच्या छतावर पाडली. चित्रांतल्या माणसांच्या अंगावर सूत नाही, मित्रांनो. मी लाजेने दुसरीकडे पाहायला गेले, पण मला मान नाही. भीमाबाई कोपऱ्यात बसून होत्या. छताकडे बघून एवढेच म्हणाल्या, की काढणाऱ्याची मान केवढी अवघडली असंल.

पुढचा धक्का माझ्या वाट्याचा होता. पाव संपला, तांदूळ तळाला गेले. पास्ता करायचा म्हटले तर घरात पास्ता नाही. पायल मोबाइलमध्ये बघत होती, तिथे इटलीतल्या खेड्यातली एक म्हातारी दिसली. बाकावर एक यंत्र बसवलेले, वरून गोळा सारतेय, दांडा फिरतोय आणि खाली लांबच लांब सर उतरतेय. पायलने मोबाइल आजीपुढे धरला. भीमाबाईंनी पाहिले, पुन्हा पाहिले आणि म्हणाल्या, 'बाईनं पीठ सैल भिजवलंय.'

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मला भाऊबंद आहेत, तेही सातासमुद्रापलीकडे, हे मला त्या क्षणी कळले. इतकी वर्षे मी स्वतःला जालन्याचे एकमेव रत्न समजत होते.

भीमाबाईंच्या पत्र्याच्या मोठ्या डब्यात गावाहून आलेला बन्सी गव्हाचा रवा होता. संघप्रिया म्हणाली, की तिकडेही असल्याच कडक गव्हाचा रवा वापरतात. लोकेशने मला पुसून जेवणाच्या टेबलाला बसवले. संघप्रियाने रवा भिजवला. भीमाबाईंचा हात चालत नव्हता, तोंड मात्र चालू लागले. घट्ट मळा, ओल्या फडक्याखाली ठेवा, गोळा अंगठ्याने सारा. लोकेशने दांड्याला हात घातला आणि मी ओरडले. करकर, करकर. इतक्या वर्षांत तेलाचा थेंब नाही, दुसरे काय होणार? पण जाळीतून पहिली सर उतरली तेव्हा माझा आवाज मलाच गोड वाटला.

मी दूध आणि गुळाची वाट पाहत होते. त्याऐवजी कढईत टोमॅटो पडला, लसूण पडली, चीज किसले गेले आणि माझ्या शेवया त्या लाल रश्श्यात बुडाल्या. शेवयांना लसूण! मी जालन्याच्या त्या भट्टीची शपथ घेऊन सांगते, की त्यापेक्षा मला पुन्हा वितळवले असते तरी चालले असते. पायलने दोनदा वाढून घेतले. संघप्रिया एक घास खाऊन डोळे मिटून बसली आणि लोकेशला म्हणाली, की आलो बघ आपण. मग माझा राग जरा उतरला.

त्यानंतर घरात खरोखर इटली नांदू लागली. फ्लॉरेन्सच्या दिवशी जुन्या कॅलेंडरांची चित्रे भिंतीवर लागली, व्हेनिसच्या दिवशी पायल कपडे धुण्याच्या टबात बसली आणि लोकेशने फरशीवर पाणी टाकून तो टब ओढला. कानात इयरबडची एकेक गोळी घालून सगळ्यांनी तिकडची गाणी ऐकली. संघप्रिया इतकी हसताना मी कधी पाहिली नव्हती. भीमाबाईंना मात्र ते हसू खोटे वाटायचे. आपल्याला बरे वाटावे म्हणून पोरगी मन मारतेय, असे त्या एकदा माझा दांडा पुसताना स्वतःशीच म्हणाल्या.

आणि त्यांनी वेगळेच काम काढले. रोजच्या पास्त्यापुरते करून त्या थांबेनात. सकाळ झाली की भिजवा, संध्याकाळपर्यंत फिरवा. हॉलभर दोऱ्या बांधल्या, त्यांवर शेवयाच शेवया. लोकेशने विचारले, आई, एवढ्या कशाला? त्या म्हणाल्या, 'मी गेल्यावर तुम्हाला वर्षभर पुरतील एवढ्या करून ठेवते. तुमच्या त्या लाल रश्श्यात घाला.' लोकेश दांडा फिरवत राहिला. माझ्या तोंडात गोळा होता, नाहीतर मीच काहीतरी बोलले असते.

गावी निघायच्या आदल्या दिवशी दुपारी आम्ही ऐन भरात होतो. दांडा लोकेशच्या हातात, गोळे संघप्रिया सारतेय, पायल चादर गुंडाळून काठीवर सर झेलतेय. तेवढ्यात दारावर धाडकन थाप पडली. 'कोन हाय आत? बाहेर ये, न्हायतर पोलीस बोलावतो,' बाबुरावांचा आवाज. त्यांची बायको शांती गेले कित्येक दिवस माझी करकर ऐकत होती. बंद घरात चोर शिरून कपाट कापताहेत, असा तिचा समज झाला. बाबुराव लोखंडी सळई घेऊन आले होते आणि मागे वॉचमन होता.

आम्ही सगळे होतो तसे गोठलो. माझ्या जाळीतून अर्धवट सर लोंबत राहिली. लोकेशने ओठांवर बोट ठेवले. संघप्रियाने नको म्हणून मान हलवली. आणि जिला सगळ्यांत जास्त लाज होती तीच उठली. भीमाबाईंनी डाव्या हाताने कडी काढली.

बाहेरच्यांना काय दिसले असेल याचा विचार करा. इटलीला गेलेले कुटुंब घामाघूम उभे, मुलगी चादरीत, हॉलभर दोऱ्यांवर शेवयांचे पडदे, भिंतीवर कॅलेंडरातली चित्रे. बाबुरावांच्या हातातली सळई खाली आली. इतका मोठा धक्का मी माणसांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच पाहिला.

भीमाबाई उंबऱ्यात उभ्या राहून म्हणाल्या, 'माझ्यामुळं राहिलं ह्यांचं जाणं. मीच पडले. पोरं माझ्यापायी कोंडून बसली. उद्या मी गावी चालले, तेवढा तो बोर्ड काढून टाका.'

शांतीने प्लास्टरकडे पाहिले आणि मग थेट संघप्रियाला विचारले, 'मंदा व्हती, आमी व्हतो. आमी बघलं असतं म्हातारीला. तू कशाला रायलीस गो?'

संघप्रिया पिठाचे हात पुसत राहिली. मला वाटले, आता ती कर्तव्य वगैरे काहीतरी बोलेल. ती भीमाबाईंकडे वळली.

'आई, तुम्हाला आठवत नाही. डॉक्टर हात जागेवर बसवत होते तेव्हा तुम्ही ओरडत होता. मंदाताई शेजारी उभ्या होत्या. हे दाराशी होते. तुम्ही त्यांना नाही हाक मारली. प्रिया, प्रिया म्हणत होता. माझा हात सोडत नव्हता. इतक्या वर्षांत माझं नाव पहिल्यांदा ऐकलं तुमच्या तोंडून. त्यानंतर मी विमानात कशी बसणार होते?'

भीमाबाईंनी लोकेशकडे पाहिले. त्याने मान हलवली, म्हणाला, मीही ऐकलं. मंदा तर रुसलीये त्यावरून.

'मग सांगितलं का न्हाई मला?' भीमाबाईंनी विचारले.

'तुम्हाला लाज वाटेल, असं वाटलं,' संघप्रिया म्हणाली.

'येडी का काय,' भीमाबाई म्हणाल्या. त्या रडत होत्या आणि डोळे पुसायला त्यांना प्लास्टरचा हात वर नेता येत नव्हता. संघप्रियाने आपल्या ओढणीने पुसले. त्या सासू-सुनेला इतके जवळ मी कधी पाहिले नव्हते, आणि मित्रांनो, सगळे धक्के एकीकडे आणि हा एकीकडे.

पहिली सावध झाली ती शांती. तिने चपला काढल्या, आत आली आणि कोणाला न विचारता लोकेशच्या हातून दांडा घेतला. तिला आमच्या गल्लीतली रीत कुठून माहीत असणार? पण अर्धवट लोंबणारी सर तिला बघवेना. तिने माझ्या सांध्यांत खोबरेल तेल ओतायला लावले आणि दांडा असा काही फिरवू लागली, की मला माझी जवानी आठवली. खालच्या घरातली मिनल नावाची शेजारीण आली, समोरच्या दारातून आणखी दोघी आल्या. बाबुरावांनी वॉचमनला करंदी, म्हणजे बारीक कोलंबी, आणायला पिटाळले. शांती म्हणाली, समुद्राकाठच्या देशात कोलंबीशिवाय जेवण होतच नसेल. तिने पाहिले नव्हते, पण तिचे बरोबर होते.

हातांना हात लागले तसा रवा भराभर संपू लागला. दोऱ्या भरल्या, खुर्च्यांच्या पाठी भरल्या, आता वाळत घालायला जागा उरेना. पायल काठीवर सर धरून उभी, कुठे टाकू म्हणून विचारतेय. भीमाबाईंनी चारीकडे पाहिले. मग दाराशी ठेवलेल्या पिशवीकडे बोट केले.

'त्या पिशवीतली पातळं काढ आन् सोफ्यावर अंथर,' त्या म्हणाल्या. 'सगळीच्या सगळी काढ. प्रिया, तू एक टोक धर.'

संघप्रियाने टोक धरले. पिशवी रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी कोणी गावी गेले नाही. फ्लेक्स बाबुरावांनी काढला नाही, आणि कोणी इटलीचे विचारले की ते लोकांना सरळ वर, आमच्याच घरी पाठवू लागले.

मित्रांनो, माझे मागणे फार नाही. वापरून झाले की जाळ्या धुऊन कोरड्या करा, वर्षातून एकदा मळसूत्राला तेल द्या, आणि मग खुशाल माळ्यावर ठेवा. मी लोखंड आहे, वाट पाहू शकते. माणसांचे तसे नसते. कळवळताना आपण कोणाचे नाव घेतले, हे कळवळणाऱ्याला नंतर आठवत नाही. ते ऐकणाऱ्यानेच सांगायचे असते. भीमाबाईंना ते कोणी सांगितले नाही, म्हणून घरचीच बाई घर सोडायची तयारी करत बसली. तुमच्या घरातही कोणी तुमचे नाव असे घेतले असेल, तर आज जेवायला बसण्याआधी त्यांना सांगा.